मुज्जम्मिलची खाट

सुदानमधल्या आमच्या करमा गावच्या मुलींच्या शाळेत वाचनालय सांभाळते ती बतूल. पुस्तकं कमी आणि वाळूच जास्त, अशी ती खोली. बतूल रोज सकाळी कपाटं पुसते, दुपारी पुन्हा पुसते. बोलते मोजकंच. चार वर्षांपूर्वी तिचा एकुलता एक मुलगा मुज्जम्मिल सोन्याच्या खाणीवर म्हणून वाळवंटात गेला. पुढे त्यांची गाडी सापडली, माणसं नाही सापडली. तेव्हापासून ती अशीच आहे. ना रडते, ना हसते.

आमच्याकडे कुणी गेलं की भेटणारा माणूस आधी दोन्ही तळवे वर करून फातिहा, म्हणजे मेलेल्यासाठीची प्रार्थना, म्हणतो, मग बाकीचं बोलणं. बतूलपुढे कुणी हात उचलले की ती म्हणायची, “हात खाली घे. माझ्या घरात कुणी मेलेलं नाही.” मग गावाने तिच्यापुढे हात उचलणं सोडलं. मी मात्र आतल्या आत धुमसत होते, कारण मुज्जम्मिलची बायको इख्लास माझी सख्खी भाची. लग्नाला वर्ष झालं नव्हतं तोवर हे घडलं. नवरा बेपत्ता असला तर काझी चार वर्षांनी बायकोला मोकळं करतो, पण अर्ज तर करायला हवा! पोरगी म्हणायची, “यम्मा हो म्हणेपर्यंत नाही.” सासूच्या हट्टापायी पोरीचं वय चाललं होतं, आणि मी गणित शिकवणारी बाई, मला हा हिशेब रोज दिसायचा.

या हिवाळ्यात खार्तूमहून हातिम नावाचे लेखक आले. आमच्याच गावाशेजारी ज्यांचा तो मातीचा प्रचंड बुरूज उभा आहे, त्या जुन्या राजांवर त्यांनी मुलांसाठी पुस्तक लिहिलंय. त्यांनी आधीच निरोप धाडला होता, की शाळेत मुलींना गोष्ट सांगायला कोरीव पायांची, कातड्याच्या पट्ट्यांनी विणलेली जुनी खाट मिळाली तर बरं. आता घरोघरी लोखंडी पलंग. तशी खाट राहिली होती एकाच घरात, आणि ती मुज्जम्मिलची. तिच्यावर चार वर्षांत कुणाला बसू दिलेलं नव्हतं. बतूलला विचारायला मुख्याध्यापिकेने मलाच पुढे केलं.

“गोष्ट सांगायलाच हवीय ना?” बतूल म्हणाली. “ने.” मी तिच्या तोंडाकडे बघत राहिले. तिथे काहीच नव्हतं.

हातिम जाडजूड, गमत्या माणूस. “चार हजार वर्षांपूर्वी इथला मोठा माणूस गेला की त्याला खाटेवरच निजवून पुरायचे,” असं म्हणत ते स्वतःच वाचनालयात मांडलेल्या त्या खाटेवर चढले, उजव्या कुशीवर वळले, गुडघे पोटाशी घेतले आणि डोळे मिटले. खाट करकरली. मुली खिदळल्या.

“उस्ताज, मेलेला माणूस एवढा जाड असतो का?” सातवीतली तस्नीम.

“राजा होता बाई, खाऊन-पिऊन गेला!”

मी घाबरून बतूलकडे पाहिलं. ती कपाटाला टेकून उभी होती, फडकं हातात तसंच.

तस्नीमने पुन्हा विचारलं, “पण खाट का पुरायची? आपण तर मेलेल्याला खाटेवरून नेतो, आणि माती देऊन खाट घरी परत आणतो.”

हातिम उठून बसले. थट्टा थांबली. “खरं सांगू? कुणालाच ठाऊक नाही. मला आपलं वाटतं, की ज्याला परत यायचं नाही, त्याचं अंथरूण घरात कशाला घालून ठेवायचं? रोज बघणाऱ्याने बघायचं तरी कसं?”

बतूलने फडकं कपाटावर ठेवलं. पुढे आली. हातिम गडबडून खाटेवरून उतरले. तिने चादरीवरची सुरकुती हाताने सारखी केली आणि तिथेच, सगळ्या मुलींसमोर, दोन्ही तळवे वर केले. ओठ हलू लागले.

एक क्षण कुणाला उमगेना. मग मुख्याध्यापिकेने हात उचलले, मी उचलले, मुलींनी उचलले. शेवटी काही न समजताच लेखकांनीही. मला सुटल्यासारखं वाटलं आणि त्याचीच लाजही वाटली. बतूलच्या डोळ्यांत पाण्याचा थेंब नव्हता.

मी तिला घरी सोडायला गेले. इख्लास चुलीपाशी पीठ भिजवत होती. बतूल दारातच उभी राहून म्हणाली, “पोरी, आज मी मुज्जम्मिलचा फातिहा म्हटला. उद्या तू काझीकडे जा.”

इख्लासने मान वर केली नाही. “मी त्याला पहिल्याच वर्षी रडून घेतलं, यम्मा.”

“मग बोलली का नाहीस?”

“तुम्ही वाट बघत होतात,” इख्लास म्हणाली. “एकटीलाच कशी बघू देणार?”

बतूल तिच्याशेजारी चुलीपाशी जाऊन बसली. चार वर्षांत पहिल्यांदा तिला हुंदका फुटला, आणि तो मुलासाठी नव्हता.