लांब्याच्या पाठीवरचा डाग

कमळाकर गुरांच्या सरकारी दवाखान्यात ड्रेसर होता. वीस वर्षं त्याने जखमांतल्या अळ्या चिमट्याने काढल्या, पण त्याला किळस यायची ती माणसांची.

१९८४ साली खाडीकाठच्या गावातली गोजरा टोपलीत कुत्रा घेऊन आली. आखूड पायांचा, लांबलचक पाठीचा, म्हणून नाव लांब्या. ती ज्या साहेबाकडे भांडी घासायची, तो बदलून जाताना लांब्याला तिच्याकडे सोडून गेला होता. आता त्याचे मागचे पाय लुळे पडले होते.

"दादा, चालंल का ह्यो? पोरासारखा हाय मना."

मणक्यांमधली चकती सरकून नस दबली होती. मागच्या पायाचं बोट चिमटल्यावर लांब्या केकाटला, म्हणजे आशा होती. डॉक्टरांनी सुजेवर इंजेक्शन दिलं आणि नुकतंच अ‍ॅक्युपंक्चर शिकून आल्यामुळे पाठीत बारीक सुया टोचल्या. गरम वाळूचा शेक, पायांची हालचाल, पोट दाबून लघवी काढणं हे कमळाकरकडे आलं.

"सहा आठवडे खोक्यात ठेवायचा, फक्त शेकायला इथे आणायचा," त्याने गोजराला बजावलं.

विसाव्या दिवशी लांब्या थरथरत उभा राहिला. गोजराने पदराने डोळे पुसले.

चार दिवसांनी ती पुन्हा आली, मान खाली घालून. खोक्यावरचं फडकं काढताच करपलेल्या कातडीचा वास आला. पाठीवर दोन काळे चट्टे, त्यांतून पाणी गळत होतं. मागे तिचा नवरा शिवा उभा होता.

"बैलाची कंबर धरली तं तापल्या सळईचा डाग देतोच ना आमी? उभा र्‍हायला, म्हटलं पक्का करू." डाग देताना लांब्या धडपडला आणि पाय पुन्हा गेले होते.

"तुझ्या कंबरेला द्यायचा होतास," कमळाकर म्हणाला.

"माझ्या बापाला दिलेला," शिवा हसला. "ऐंशी वर्सं जगला."

 कमळाकरने खोकं उचलून आपल्या खोलीत नेलं आणि खोलीला कुलूप लावलं. सुया, शेक, सगळं पहिल्यापासून. अडीच महिन्यांनी लांब्या झोकांड्या खात का होईना, गोजराच्या मागे चालत घरी गेला.

पुढच्याच सोमवारी शेजारच्या गावचा पोपट नावाचा गडी गोणपाटात कुत्रा गुंडाळून आला. मागचे पाय लुळे, पाठीवर दोन ताजे डाग.

"शिवाच्या कुत्र्याला डाग लागू परला ना."

"मग इथे कशाला आणलास?"

"डाग दिलाय. आता फकस्त तुमी चालवा."

कमळाकर बाहेर जाऊन थुंकला. मग आत येऊन त्याने वाळूची कढई स्टोव्हवर ठेवली आणि खोलीचं कुलूप शोधू लागला.