केबल काढली की बंद

आमच्या शिवाजी पेठेतल्या ऑफिसात किस्से जमवावे लागत नाहीत, बोर्ड बिघडला की आपोआप जमतात. दूध संकलन केंद्रातला काटा कॉम्प्युटरला जोडणारे बोर्ड आम्ही बनवतो. काट्यावरचं वजन सीरियल पोर्टमधून आत येतं. आलं तर!

*

नवा बोर्ड पहिल्यांदा चालू केला, तर स्क्रीनवर नुसती वेडीवाकडी अक्षरं. पोर्टचा वेग ठरवणारं क्लॉक चुकलं होतं, आणि ते चालवणारा प्रोग्राम, म्हणजे ड्रायव्हर, लिहिणारा स्वप्नील कोड चाळत बसलेला. आमचे मालक अण्णा मूळचे सीमाभागातल्या जयसिंगपूरकडचे. वाकून बघत म्हणाले, "कन्नड न्हवं हे. मला वाचाय येतंय."

*

ते निस्तरून बोर्ड गगनबावड्याला बसवला. संध्याकाळी ऐन दुधाच्या वेळी पोर्ट मुका! केंद्राच्या सेक्रेटरींचा फोन आला, "पावणं, म्हशी तुमच्या बोर्डासाठी थांबत न्हाईत."

अण्णांनी फोन ठेवला आणि स्वप्नीलला सांगितलं, "उद्या तिथं जाऊन न्हाय जमलं, तर परवा हिकडं येऊ नगंस." मला अण्णांचा भयंकर राग आला. मीही स्वप्नीलबरोबर जायचं ठरवलं.

*

सकाळी आम्ही दोघं केंद्रात. बोर्डाला लॅपटॉपची केबल लावली की काट्याचा पोर्ट चालू, काढली की बंद.

सेक्रेटरी म्हणाले, "पोलिस आल्यावर पोरं शहाणी हुत्यात, तसलं हाय हे."

बाहेर कॅनची रांग वाढत होती, आणि बोर्ड आम्ही तपासायला काट्यापासून सोडवून ठेवलेला. स्वप्नील उठला आणि काट्यावरचे आकडे मोठ्याने सांगायला लागला, सेक्रेटरी लिहून घेऊ लागले. नोकरी टांगणीला लागलेली, पण रांग संपेपर्यंत पठ्ठ्याने कोडला हात लावला नाही.

*

दुपारी सापडलं. कुणी वापरत नसलेलं क्लॉक बोर्डाच्या सिस्टिमचा गाभा, म्हणजे कर्नल, वीज वाचवायला बंद करतो. काट्याच्या पोर्टला क्लॉक लागतं, हे आमच्या ड्रायव्हरने त्याला कळवलंच नव्हतं. लॅपटॉप जोडला की, आणि ऑफिसात तो कायम जोडलेलाच असायचा, त्याच्यासाठी तेच क्लॉक चालू राहायचं, आणि काट्याचंही भागायचं.

स्वप्नीलने दुरुस्ती केली. संध्याकाळी पहिला कॅन काट्यावर आला, तरी हा केबल धरून बसलेला. ओढायचा धीरच होईना.

रांगेतल्या मावशी म्हणाल्या, "वढ की बाळा, म्हशी बांधायच्या हाईत अजून."

त्याने ओढली. वजन स्क्रीनवर आलं. दुसऱ्या कॅनचंही आलं.

तेवढ्यात अण्णांचा फोन. स्वप्नीलने उचलला. सेक्रेटरींनी त्याच्या हातातून फोन घेतला.

"अण्णा, बोर्ड चाललाय. पण ह्या पोराला घरी घालवलासा, तर उद्यापासनं दूध मापाय तुम्ही यायचं."