तीन शिट्ट्या

जर्मनीत, गेर्लिंगेनमधले आमचे खालच्या मजल्यावरचे शेजारी स्पर्धेच्या पिस्तुलाची काडतुसं केलरमध्ये, म्हणजे तळघरात बसून स्वतः भरायचे. गोळी सुटताना मनगटाला धक्का कळताही कामा नये, हा हट्ट. बंदुकीच्या दारूची प्रत्येक चिमूट तराजूवर ठेवायची, "गेनाऊ", म्हणजे 'अगदी बरोबर', म्हणायचं, मगच पुढची. त्यासाठी त्यांनी परीक्षा देऊन परवाना काढला होता.

एकदा ते चहाला आले आणि आमच्या कुकरची शिट्टी झाली. हे गृहस्थ दाराआड. तिथूनच विचारलं, "याला परवाना लागत नाही?"

पुण्याहून आलेली आई म्हणाली, "तीन शिट्ट्या झाल्या की बंद करते, सांग त्यांना." मी सांगितलं. त्यांनी वहीत लिहून घेतलं.

पुढच्या रविवारी आई फोनवर रमली. चौथी शिट्टी झाली आणि दारावरची बेल वाजली. दारात शेजारी उभे, कानांवर नेमबाजीचे इयरमफ, हाताची चार बोटं वर.