जावई काय करतात?

इंग्लंडात मराठी माणूस भेटला की दुसऱ्या मिनिटाला मला विचारायचा, "आपण काय करता?" पहिलं मिनिट बायकोचं. ती डॉक्टर. तिने हॉस्पिटल सांगितलं की समोरच्याचा चेहरा खुलायचा, आणि तोच खुललेला चेहरा घेऊन तो माझ्याकडे वळायचा. मी "कॉलेजात असतो" म्हणून भज्यांच्या दिशेने सटकायचो. मागून बायकोचा आवाज यायचा, "शिकवतात ते."

शिकवायचो, यात खोटं काही नव्हतं. काय शिकवायचो ते सांगायची मात्र मला लाज वाटायची. मी कॉलेजच्या फुटबॉल टीमचा असिस्टंट कोच होतो. तेही आपल्याकडच्या फुटबॉलचा नाही, हेल्मेट घालून एकमेकांना धडका देतात त्या अमेरिकन फुटबॉलचा.

ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला बायकोला इकडे नोकरी लागली आणि मी तिच्या मागोमाग आलो. माझ्याकडे काय होतं? बी.कॉम., आणि पुण्यात कॉलेजकडून खेळलेली कबड्डी. डावा कोपरा सांभाळायचो. केंब्रिजजवळच्या एका कॉलेजात स्पोर्ट्स स्टोअरला लागलो. बॉल द्यायचे, ओले टॉवेल परत घ्यायचे. मग टीव्हीवर तो अमेरिकन खेळ दाखवायला लागले आणि पोरांच्या अंगात आलं. त्यांनी टीम काढली. जवळच्या अमेरिकन एअरबेसवरून निवृत्त होऊन इथेच राहिलेला एक गृहस्थ त्यांचा हेड कोच झाला. एकदा एक दांडगट पोरगा मजा म्हणून बॉल घेऊन माझ्या अंगावर धावून आला. मी सवयीने वाकलो, त्याचा घोटा धरला, आणि गडी आडवा. हेड कोचने ते पाहिलं, मला स्टोअरमधून उचललं आणि डिफेन्स माझ्या गळ्यात घातला. समोरच्याला पुढे सरकू द्यायचं नाही, एवढंच माझं काम. पुढे वर्षं गेली, टीम मोठी झाली, मी असिस्टंटच राहिलो. काम मात्र मला मनापासून आवडायचं.

नव्वदनंतर एका वर्षी भाद्रपद अधिक आला, आणि सासू-सासरे पुण्याहून आमच्याकडे आले. अधिकात जावयाला वाण द्यायचं, तेहतीस अनारसे आणि वर तुपाचा दिवा. सासूबाईंनी अनारशाचं पीठ डब्यात दाबून बरोबर आणलं होतं. आईवडील घरात आले की आमची बायको बदलते. एरवी घरात मी "अरे", त्या दिवसापासून "अहो".

सासरे निवृत्त हेडमास्तर. हा माणूस खोटं बोलायचा नाही, म्हणजे अजिबातच नाही. आमचं लग्न ठरताना, कुणी विचारलं नसताना त्यांनी माझ्या वडिलांना सांगून टाकलं होतं, की मुलगी मेडिकलच्या पहिल्या वर्षाला एकदा नापास झालेली आहे. बायको अजून त्यावरून चिडते. आणि माझ्याबद्दलही त्यांनी तोंडावर म्हटलं होतं, की मुलगा स्वभावाने चांगला आहे, पण मातीत लोळण्यापलीकडे त्याला काही येईल असं वाटत नाही. तेव्हा बायको बापाशी भांडून उभी राहिली होती. म्हणूनच पुढे फोनवर तिने सांगितलं, की ते कॉलेजात शिकवतात, प्राध्यापकच म्हणा ना. तिला बापापुढे जिंकायचं होतं. मला तिचा राग आला, पण मीही तो समज मोडला नाही. त्या माणसाच्या नजरेत एकदा तरी मला कुणीतरी व्हायचं होतं.

वाण शनिवारी संध्याकाळी द्यायचं ठरलं, आणि नेमकी त्याच दुपारी आमची सीझनआधीची मॅच. सकाळी मी ट्रॅकसूट बॅगेत कोंबत असताना बाबा, म्हणजे सासरे, म्हणाले, तुमचं लेक्चर ऐकायला येतो, मागच्या बाकावर बसेन. मी म्हटलं, आज लेक्चर नाही, प्रॅक्टिकल आहे. मग तर बघायलाच हवं, म्हणाले. मफलर गुंडाळून ते गाडीत जाऊन बसलेसुद्धा. बायको हॉस्पिटलला. मला वाचवणारं कुणी नव्हतं.

मैदानावर मी त्यांना फोल्डिंगच्या खुर्चीवर बसवलं आणि बॅगेतली शिट्टी गळ्यात अडकवली. त्यांनी शिट्टीकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं.

त्या उन्हाळ्यात मला एक कल्पना सुचली होती. कबड्डीत चढाईवाला आत आला की कोपरे मागे सरकतात. त्याला आत ओढतात, आणि खोल आला की साखळी आवळतात. मी पोरांना तेच शिकवलं. मागे सरका, आत येऊ द्या, मग घेरा. अरे पण कबड्डीत चढाईवाल्याला दम टिकवून परत जायचं असतं. इथे त्याला परत कुठे जायचंय? तो सरळ पुढे पळतो, आणि तुम्ही मागे सरकलात की तुम्हीच त्याला रस्ता दिलेला असतो. हे माझ्या डोक्यात आलं कधी, तर समोरची टीम आमच्या पोरांमधून तिसऱ्यांदा आरपार निघून गेली तेव्हा. मी जिवाच्या आकांताने ओरडत होतो, पुढे व्हा, पुढे व्हा. पोरं गोंधळली. त्यांना मीच तर मागे जायला शिकवलं होतं.

आम्ही सपाटून हरलो. हेड कोच तरातरा आला आणि सगळ्यांसमोर माझी बिनपाण्याने केली. मागे सरकायचं खूळ कुणाचं, हा डिफेन्स आहे की दरवाजा उघडणारा नोकर, असं बरंच काही. त्याचं बरोबर होतं, त्यामुळे जास्तच लागलं. बाबा दहा पावलांवर बसले होते आणि त्यांचं इंग्रजी उत्तम होतं. भूमी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं मला. घरी येताना गाडीत त्यांनी फक्त हीटर बंद करायला सांगितला.

संध्याकाळी मला पाटावर बसवलं. सासूबाईंनी ओवाळलं. त्यांच्याकडची रीत अशी, की अधिकात जावई म्हणजे नारायण, म्हणून सासऱ्याने जावयाला नमस्कार करायचा. मी म्हटलं, बाबा, आज नको. ते म्हणाले, रीत आहे, आणि वाकले. माझ्या नखांत अजून मैदानाची माती होती. त्यांचं टक्कल मला इतक्या जवळून दिसलं की मी डोळे मिटून घेतले.

मला वाटलं, आता काही बोलतील. लेकीला तरी बोलतील. पण नाही. दुसऱ्या दिवशी नाही, तिसऱ्या दिवशीही नाही.

अधिक संपला आणि गणपती आले. आमच्या मंडळाचा कार्यक्रम मेडनहेडला एका शाळेच्या हॉलमध्ये असायचा. आरती झाली, प्रसादाच्या प्लेट फिरल्या, आणि मंडळातले एक ज्येष्ठ सर्जन सासऱ्यांशेजारी येऊन बसले. भोवती पाचसहा जण. मी बाबांच्या खुर्चीमागेच उभा होतो. सर्जन म्हणाले, लेक तर आमच्या ओळखीची आहे, जावई काय करतात?

बाबांनी हातातला मोदक खाली ठेवला.

"प्राध्यापक आहेत," ते म्हणाले. "कॉलेजात."

आवाज स्वच्छ होता. हेडमास्तरी. पण बोलताना ते सर्जनांकडे नाही, प्लेटमधल्या मोदकाकडे बघत होते. उभ्या आयुष्यात जो माणूस स्वतःच्या मुलीसाठी खोटं बोलला नाही, तो माझ्यासाठी बोलला. शरमेने कान तापले, आणि मग माझं डोकं फिरलं. वाटलं, आता पुरे झालं हे.

"प्राध्यापक कसला," मी म्हटलं. "फुटबॉलच्या पोरांचा असिस्टंट कोच आहे मी. डिफेन्सचा. परवाच आमचा धुव्वा उडाला. बाबा स्वतः बघायला होते."

मला वाटलं, मी फार मोठं काही केलं. खरं बोललो, बाबांना ओझ्यातून सोडवलं. सर्जन आधी हसले. मग हसू आवरून त्यांनी बाबांकडे पाहिलं. सगळ्यांनीच बाबांकडे पाहिलं. बाबा स्वतः बघायला होते, म्हणजे त्यांना माहीत होतं, म्हणजे ते आत्ता खोटं बोलले. एवढा हिशेब त्या हॉलमध्ये सगळ्यांना जमला, मला सोडून. बाबांची मान खाली गेली ती वर आलीच नाही.

परतीच्या वाटेवर गाडी बायको चालवत होती. मी आणि बाबा मागे. लग्नापासून ते मला "जावईबापू, तुम्ही" म्हणत आले होते. खिडकीबाहेर पाहत ते म्हणाले, "आयुष्यात एकदाच खोटं बोललो रे, ते तुझ्यासाठी. आणि तू मला चारचौघांत तोंडघशी पाडलंस."

मी माफी मागितली. त्यांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला, थोपटला आणि काढून घेतला.

पुढे आम्ही पुण्याला जायचो तेव्हा घरी कुणी ना कुणी यायचं आणि त्यांना विचारायचं, जावई काय करतात? बाबा म्हणायचे, त्यांनाच विचारा. आणि चहाचं बघतो म्हणून उठून आत जायचे. मी काय सांगतो ते ऐकायला ते कधीच थांबले नाहीत.