बबनचा खांदा दुखत होता

बबन गेल्याचं वॉर्डातल्या नर्सने फोनवर सांगितलं. तो माझा धाकटा दीर. संपात गिरणी सुटली तेव्हापासून लालबागला आमच्या खोलीतच राहिला. मधल्या दिराला, वसंताला, मी कळवलं, तर तो म्हणाला, "वैनी, या वेळी तरी खरं आहे ना?" महिना होऊन गेला. दिवसकार्य आटपलं. आता बोलते.

संपानंतर बबन कॉटन ग्रीनच्या गोदामात कापसाच्या गासड्या उचलायचा. त्यात उजवा खांदा गेला. हात वर होईना, तर मुकादम म्हणे अंगचोर आहे. पंख्याखाली नोकरी करणारा वसंताही तेच म्हणे. पुढे परळच्या एका हॉस्पिटलात डॉक्टर तपासून बघत होते, की खांद्याचं हाड घासायचं जे ऑपरेशन सर्रास करतात, त्याने खरंच गुण येतो का. काहींचं हाड घासायचं, काहींना भूल देऊन नुसत्या चिरा द्यायच्या. कोणाचं काय केलं ते शेवटी सांगायचं. बबनला हे सगळं समजावलं होतं. पण गिरणीच्या दारात बदली कामगार म्हणून रोज उभं राहून जन्म गेलेला माणूस... आज आपला नंबर लागणारच, असं धरून चालायची सवय. त्याने सही केली.

ऑपरेशननंतर हात वर गेला. चाळभर दाखवत फिरला. ते बघून वसंताने स्वतःचा धरलेला खांदा खासगीत घासून घेतला. त्याचा हात होता तिथेच राहिला. मग निकाल आला. बबनला नुसत्या चिरा होत्या. वसंता गॅलरीत सगळ्यांदेखत हसला. "काही न करता बरा झाला, म्हणजे दुखतच नव्हतं. मुकादम खोटा नव्हता."

त्या दिवसापासून बबन हात अंगाशी धरून चालू लागला. बरा झालेला हात! मी त्याला ओढत डॉक्टरांकडे नेलं.

"हाड घासलेलेही तेवढेच बरे झाले, आजी," डॉक्टर म्हणाले.

"मग त्यांचंही दुखत नव्हतं?"

"सगळ्यांचं दुखत होतं. घासणं फुकट गेलं."

इतकी वर्षं ज्यांनी लोकांची हाडं घासली त्यांना अंगचोर कोणी म्हटलं नाही. वसंताला सांगितलं, तर त्याला पटलं नाही. कसं पटेल? स्वतःचं घासून बसलाय.

घरी येऊन बबनने माझं ओलं लुगडं छताजवळच्या वलणीवर टाकलं, उजव्या हाताने. पुढे रोज तोच टाकायचा. तेराव्याला वसंता म्हणाला, त्याचा सदरा अजून वलणीवर आहे, काढून टाका.

मी म्हटलं, "तुझं हाड घासलंय ना? काढ तूच."

त्याचा हात पोचला नाही. सदरा तिथेच आहे.