बाईने वाट पाहिली

दिवाळी होऊन आठवडाही लोटला नव्हता. पहाटे दवनीवाड्याचा माणूस थंडीने काकडत दारात उभा राहिला. "बाई गेल्या काल दुपारी. तुमच्यासाठी थांबून राहिले सारे." थोरल्या बहिणीला आम्ही सगळे बाईच म्हणत असू. नऊ वर्षं ती माझ्याशी बोलली नव्हती... आणि तिच्या घरी माझ्यासाठी थांबले होते. मी बंडीला बैल जुंपले.

चूक माझीच होती. माय गेली तेव्हा खळ्यावर धान पसरलेलं, आभाळ भरून आलेलं. बाईला यायला दिवस लागला असता. म्हातारे म्हणाले, लेकीसाठी थांब. मी म्हणालो, मेलेल्याला काय कळतं? मला माणसं धानासाठी मोकळी हवी होती, खरं कारण एवढंच. पाऊस तर आलाच नाही. दुसऱ्या दिवशी बाई पोचली तेव्हा राख गरम होती. "मायचं तोंड पाहू देलं नाई तुनं," एवढं बोलून ती उंबऱ्याबाहेरूनच वळली.

आमच्याकडे दिवाळीनंतर गावोगाव मंडईची जत्रा भरते, रात्री दंडारीचं नाटक होतं, लेकी माहेरी येतात. बाईही दर वर्षी यायची, पण उतरायची आमच्याच आळीत, सखूकडे, तिच्या बालमैत्रिणीकडे. माझी बायको घारगे तळून वाट पाहायची. बाई दारावरून सरळ पुढे जायची. मीही कधी हाक मारली नाही. मी लहान असलो तरी हेका तिच्याएवढाच! आज त्या हेक्याची लाज वाटते.

दवनीवाड्याला पोचलो तेव्हा दिवस कलला होता. तिच्या लेकाने, गोपाळने, चादर बाजूला केली. "मायनं सांगतलं होतं, मामानं पाह्यल्याबिगर उचलू नोका." मी ढसाढसा रडलो. मनात म्हटलं, बाईने माफ केलं.

तीन आठवड्यांनी आमची मंडई आली. दुखवटा असल्यामुळे घरात कढई चढली नव्हती. गोपाळ बाईचं लुगडं सखूला द्यायला आलेला दिसला. मी धावत जाऊन त्याचा हात धरला. "घरी चल, बापा. साधं वरण-भात खाऊ."

त्याने हात हळूच सोडवून घेतला. "मामा, मायनं तुमाले तोंड दाखवाले सांगतलं होतं. तुमच्या घरी जा म्हनून नाई सांगतलं."