उत्तर नाही

मी तशी पहिल्यापासून तापट. पारनेरच्या अलीकडच्या एका गावात हायस्कूलला गणिताची बाई म्हणून लागले, तेव्हा मुलं माझ्यामागे मला 'लवंगी' म्हणायची. ते मला ठाऊक होतं, आणि खरं सांगायचं तर आवडायचंही. सावेडीतल्या घरून सकाळची एसटी धरायची, खडखडत जायचं आणि दिवसभर तावातावानं शिकवायचं. नव्वदचं दशक होतं, नोकरी नवी होती. आपलंही काही चुकू शकतं, हे त्या वयात मनाला शिवतसुद्धा नाही.

नववीच्या वार्षिक परीक्षेचा पेपर मीच काढला. त्यात मोठ्या हौसेनं एक समीकरण घरी बसून रचलं: क्ष भागिले (क्ष वजा तीन), बरोबर, तीन भागिले (क्ष वजा तीन), अधिक दोन. दोन्ही बाजूंना छेदानं गुणायचं, छेद उडवायचे, की आलं क्ष बरोबर तीन. कसं सुबक उत्तर! चार मार्क.

तपासताना बहुतेकांचं तीनच आलेलं. एका मुलीनं मात्र तीन काढून त्यावर काट मारली होती आणि खाली लिहिलं होतं, 'उत्तर नाही'. म्हटलं, बघा, जमलं नाही ते नाही, वर हा आगाऊपणा! तिरीमिरीत भोपळा दिला. तिला एकूण बत्तीस पडले. पास व्हायला पस्तीस लागत. निकालाआधी पेपर वर्गात दाखवले, तेव्हा ती मुकाट्यानं बसून राहिली.

निकालाच्या दुसऱ्या दिवशी ती आईला घेऊन शाळेत आली. आई शेतमजुरी करणारी, वर्गाच्या दारातच थांबली.

"बाई, हिचा बाप म्हंतोय, नापास झाली, आता शाळा बास. उद्यापासनं माझ्यासंगं कांदं काढायला. पर ही म्हंती, एक डाव बाईंना इचारू."

"काय विचारायचंय?" मी खेकसले. "उत्तर येत नव्हतं म्हणूनच तसं लिहिलंस ना?"

"न्हाई बाई," पोरगी कशीबशी बोलली. "तुमीच म्हनला हुता, उत्तर आलं की ताळा करून बघा. म्या केला. जमला न्हाई."

"जमत कसा नाही?" खडू उचलून मी फळ्याकडे गेले. तिला तिथल्या तिथं गप्प करायचं होतं. क्षच्या जागी तीन घातले. वर तीन, खाली तीन वजा तीन. तीन भागिले शून्य.

हात जागीच थांबला. शून्यानं भागायचं नाही, त्याला अर्थच नाही, हे वर्षभर मीच कोकलत होते. म्हणजे तीन हे उत्तर नव्हतंच. माझ्या त्या सुबक समीकरणाला उत्तरच नव्हतं, आणि अख्ख्या वर्गात हे या एकटीनं लिहिलं होतं. क्षणभर वाटलं, फळा पुसून टाकावा, कुणाला कळणार आहे? लाज वाटली मग त्या विचाराची.

तशीच हेडमास्तरांकडे गेले. "निकाल लागलाय, आता कशाला उकरून काढता?" ते कुरकुरले. मी म्हटलं, "सर, मुलगी नापास झालेली नाही, मी झालेय." त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि गुणांच्या दुरुस्तीवर सही केली. छत्तीस. पोरगी दहावीत गेली.

वर्गात परत येऊन मी दोघींना सांगितलं. आईनं डोळ्याला पदर लावला. मी मुलीची माफी मागितली, पण तिथंही माझा आवाज चढलाच. "अगं, पण पेपर दाखवला तेव्हाच का नाही बोललीस?"

ती खाली बघत म्हणाली, "बाईंनी चूक दिलंय म्हंजी शून्यानं भाग जात असंल, असं वाटलं. मलाच कळलं नसंल."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "मग?"

"मग घरी लई डाव भागून बघितलं. जातच न्हाई, बाई."